सोळा तासांचं पाणी

वरवट बकालात विमानात बसून आलेली माणसं मोजून तीन, आणि त्यांतले एक माणिकराव मास्तर. मुलाकडे कॅनडाला जाऊन आल्यापासून मास्तरांना दुसरा विषय नव्हता. कॅनडा कसा आहे हे ते कधी सांगत नसत, विमान कसं आहे तेवढंच सांगत. त्यामुळे उकंडराव आणि गीताबाई पोरीकडे अमेरिकेला निघाले ही बातमी गावात फुटली, तेव्हा मास्तर सकाळच्या चहाला म्हणून आले ते दुपारी जेवूनच उठले.

"खुर्ची म्हनजे निस्तं नाव हाय, उकंडराव. गुडघा लांब होत नाही. समोरच्यानं पाठ मांगं टाकली का त्याचं डोस्कं तुमच्या छातीवर. आन हवा अशी कोरडी का ओठ फुटतेत, नाकात खपल्या धरतेत. पापड घातले वाळू तं दोन घंट्यात वाळतीन. पानी पेत राहा, नाही तं आतून सुकसान."

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. उकंडरावांनी मात्र ते मनावर घेतलं, आणि ते उगाच नव्हतं. आमचा हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. बोअरला पाणी लागलं तरी तोंडात धरवत नाही, आणि किडनीचं दुखणं घरोघरी ओळखीचं. चार वर्षांपूर्वी उकंडरावांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसवर सात महिने काढले, आणि मग गीताबाईंनी आपली एक काढून दिली. नागपूरला ऑपरेशन झालं. नवरा आणि बायको, दोघंही तेव्हापासून एकेका किडनीवर जगत होते. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं की पाणी कमी पडता कामा नये, दिवसाला अडीच-तीन लिटर गेलंच पाहिजे.

सांगितलं दोघांना, ऐकलं एकानं. उकंडराव पाण्याची बाटली वांग्याच्या वाफ्यातसुद्धा बरोबर ठेवत. सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळ्यांच्या वेळेला मोबाइल वाजे. लघवीचा रंग जरा बदलला की सगळ्या घराचा जीव टांगणीला. स्वतःच्या दुखण्यापुढे माणसाला शेजारच्याचं दिसत नाही, आणि उकंडराव काही जगावेगळे नव्हते. गीताबाई ऑपरेशननंतर दीड महिन्यात मिरची तोडायला लागल्या, म्हणजे त्या बऱ्या आहेत असं सगळ्यांनी धरून टाकलं. त्यांनीही कोणाला खोटं पाडलं नाही.

पोरगी अर्पिता तिकडे पाच वर्षं शिकत होती. आता तिला डॉक्टरेट मिळणार, मोठा झगा घालून स्टेजवर बोलावणार, आणि त्या दिवशी आईबाबा समोर बसलेले पाहिजेत असा तिचा हट्ट. तिकिटं तिनंच काढली. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदपत्रं चाळून परवानगी दिली आणि शेवटी पुन्हा पाण्याचंच सांगितलं.

मास्तरांच्या त्या बैठकीत गीताबाईंनी एकच गोष्ट विचारली, तीही भाकरी वाढताना, खाली बघत. "मास्तर, थ्या विमानात संडास कुठी असते? लोकायच्या समोरच का?"

मास्तर खूश झाले. "अवो वयनी, खोली कायची, कपाटच म्हना. दार मधातून मोडते. भाईर ही लाइन लागेल असते मानसायची, अन् तुमी कवा निंगता म्हनून सारे दाराकडं पाहात. पानी सोडलं का आवाज तं असा येते का वाटते, आपनच ओढल्या जातो का काय खाली!"

गीताबाई "बापा!" म्हणाल्या आणि आत गेल्या. उकंडरावांनी या बोलण्याकडे लक्षही दिलं नाही. ते तेव्हा मनातल्या मनात विमानातल्या सोळा तासांना किती बाटल्या लागतील ते जुळवत होते.

शेगावहून संध्याकाळी मुंबईची गाडी. जीपमधून स्टेशनवर उतरल्यापासून उकंडरावांनी काळजीचा जो सपाटा लावला, तो काही थांबला नाही. गोळ्या एका पिशवीत, त्याच गोळ्या दुसऱ्या पिशवीतही, पहिली हरवली तर म्हणून. डॉक्टरांची चिठ्ठी शर्टाच्या खिशात. घरच्या फिल्टरचं पाणी दोन लिटरच्या बाटलीत. रात्रभर गाडीत ते दर तासाला उठून दोन घोट घेत आणि गीताबाईंपुढे बाटली धरत. "घेतली ना मंघाशी," असं त्या म्हणत. उकंडरावांना ते खरं वाटे, कारण खरं न वाटण्यासारखं काही बाई आजवर बोललीच नव्हती.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या बाईनं ती दोन लिटरची बाटली उचलली आणि पिंपात टाकली. उकंडरावांनी चिठ्ठी दाखवली, मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. बाईनं "अंदर मिलेगा, अंकल," म्हणून पुढच्याला हात केला. आत नळ होता, पण बाटली पिंपात गेलेली. नवी घ्यावी तर विमानात चढायची घोषणा झाली, आणि विमान आपल्याला सोडून जाईल या भीतीनं उकंडराव रिकाम्या हातानंच धावत सुटले.

दुपारी साडेबाराला विमान उडालं. मास्तर अतिशयोक्ती करतात असा त्यांचा लौकिक होता, पण या बाबतीत त्यांनी हातचं राखूनच सांगितलं होतं. उकंडरावांची खुर्ची मागे होईना, बटण दाबलं की नुसतं आत जाई. हाताची दांडी चिकटपट्टीनं गुंडाळलेली. गीताबाईंच्या समोरचा टीव्ही एका नकाशावर अडकला होता आणि त्यात ते विमान तासाभरात बोटभरही पुढे सरकत नव्हतं. वरच्या छिद्रातून गार हवेचा झोत सरळ त्यांच्या डोक्यावर येत होता. उकंडरावांनी ते छिद्र फिरवलं, दाबलं, शेवटी त्यात कागदी रुमाल कोंबला. तो थोड्या वेळानं गीताबाईंच्या मांडीवर पडला. खिडकीशी बसलेला माणूस डोळ्यांवर पट्टी लावून झोपला होता, तो जणू तिकडे पोचेपर्यंत उठणारच नव्हता. बाहेर लख्ख ऊन, पण हवाईसुंदरीनं सगळ्या खिडक्यांची झाकणं खाली ओढायला लावली आणि भर दुपारी आत रात्र करून टाकली.

"नाक कोरडं पडून राह्यलं," उकंडराव म्हणाले. "तुयं?"

"माह्यं नाही," गीताबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतला.

पाणी मिळायचं ते वरून चांदीच्या कागदाचं झाकण लावलेल्या इवल्याशा कपात. एका घोटात कप संपे. हवाईसुंदरी ट्रे घेऊन येई, माणशी एक कप देई आणि जाई. तेवढ्यानं कसं भागायचं या विचारानं उकंडराव हैराण झाले. मग गीताबाईंनी आपला कप त्यांच्यापुढे केला. "घ्या, मले नोको, जेवनासंगचं हाय माह्याजोळ." त्यांनी घेतला. पुढच्या खेपेलाही घेतला. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी हात आधीच पुढे केला होता. इतकं पाणी पोटात गेल्यावर व्हायचं तेच झालं, दर तासा-दीड तासानं त्यांना उठावं लागे. मागे दोन संडास होते, त्यांतल्या एकाला पिवळी पट्टी लावून बंद करून टाकलेलं. उरलेल्या एकापुढे सात-आठ माणसं, सगळे पुरुष, आळोखेपिळोखे देत उभे.

पहिल्या तीन तासांत गीताबाई एकदा उठून मागे गेल्या आणि लगेच परतल्या. "झालं?" उकंडरावांनी विचारलं. त्यांनी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे उकंडरावांनी पाहिलं नाही.

रात्रीच्या आठाला दहा मिनिटं कमी असताना, म्हणजे घरच्या घड्याळानं, उकंडरावांनी गोळ्यांची पिशवी काढली. शेजारी बघतात तर गीताबाईंचं डोकं एका बाजूला कललेलं. झोपल्या असतील असं वाटलं. पण त्यांचे डोळे उघडे होते.

"काय व?"

"काही नाही. डोस्कं गरगर करून राह्यलं. हवेनं असन."

ओठ पांढरे, कडेला चिरा पडलेल्या. जीभ जड झाल्यासारखं बोलणं. उकंडरावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. नागपूरला नर्स असंच करायची, म्हणून त्यांना ठाऊक. कातडी खाली बसेना, तशीच उभी राहिली.

"पानी पेली का तू?"

"पेली ना."

"कुठी हाय कप? रिकामा कप दाखव."

उकंडरावांनी तिच्या समोरच्या खुर्चीच्या कप्प्यात हात घातला. विमानाच्या चित्रांच्या पुस्तकामागे चार कप होते, चारही भरलेले, वरची चांदी तशीच्या तशी.

"हे काय हाय?"

"जेवनासंगचे हाय, अन् तुमी मांगं जाल तवाचे. तुमाले लागन म्हनून ठेवले. तिकडं उतरेलोक पुरले पाह्यजेत ना."

"आन तुयं काय? कवापासून नाही पेली?"

गीताबाई पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेगावपासून."

शेगावपासून म्हणजे काल संध्याकाळपासून. पंचवीस तास. वरवटला उन्हात मिरची तोडणाऱ्या बाईलाही जे जमू नये, ते ही बाई एका किडनीवर या कोरड्या डब्यात बसून करत होती. इथे डॉक्टर नाही, दवाखाना नाही, उतरायला जमीन नाही. नकाशातलं ते मेलं विमान अजून समुद्रापाशीच होतं, आणि हिच्या पोटातली ती एकुलती एक किडनी बंद पडली तर? त्यांनी डायलिसिसची खोली सात महिने पाहिली होती. त्या खुर्चीत आता गीताबाई दिसू लागल्या.

"अवं पन काऊन? कायले असं केलं?"

"गाडीत पेलं का मंग जा लागते."

"तं जाचं! मी नाही जाऊन राह्यलो?"

"तुमचं येगळं."

"काय येगळं? सांग ना."

गीताबाई बोलल्या त्या उकंडरावांकडे न बघता, त्या अडकलेल्या नकाशाकडे बघत. "आपलं लगन झालं त्याच्या दुसऱ्या सालची गोठ. अकोल्याले चाललो होतो जळगाव जामोदच्या यष्टीनं, माह्या भावाच्या साखरपुड्याले. मले दोनदा गाडी थांबवा लागली. दुसऱ्या बारीनं मी बाभळीमांगं बसेल, तं ड्रायव्हर हॉर्न वाजवे. पळत आली. वर चढली तं तुमी साऱ्या गाडीसमोर म्हनलं, घरून नळ चालू ठेवून निंगाली का व. सारी गाडी हासली. तुमी बी हासले." त्या थांबल्या. "तवापासून मी गाडीत पानी पेत नाही."

उकंडरावांनी आठवून पाहिलं. साखरपुडा आठवला, मेव्हण्याचा फेटा आठवला, त्या दिवशीचं जेवणही आठवलं. गाडीतलं काहीही आठवेना. तीस-एकतीस वर्षं ही बाई त्यांच्याबरोबर नागपूरला गेली, शेगावला गेली, बुलढाण्याला गेली, ऑपरेशनच्या तपासण्यांना सहा-सहा तास यष्टीत बसून गेली. आणि त्यांना वाटत आलं की बायांना तहान कमी लागते. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की बायकोकडे बघवेना.

त्यांनी एक कप उघडला आणि तिच्यापुढे धरला. "पे."

"नोको. तिकडं पाहून आली मी. सारे मानसं उभे. एवढ्यात नाही मरत."

तेवढ्यात मोबाइल वाजला, गोळ्यांची वेळ. उकंडरावांनी नेहमीच्या तीन गोळ्या काढून तळहातावर घेतल्या आणि कप खाली ठेवला.

"आता काय झालं? घ्या ना गोया."

"तू पेली का मी घेतो."

"येड्यासारखं नोका करू. टाइम चुकला तं?"

"चुकू दे."

गीताबाईंचा चेहरा उतरला. या गोळ्या म्हणजे काय ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? अर्धा तास उशीर झाला तरी ती चार वर्षं शेतातून धावत येई. गोळी चुकली तर शरीर ती किडनी परकी म्हणून हाकलून लावतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं.

"माह्या पोटातली बी तुयीच हाय," उकंडराव म्हणाले. "तुया पोटातली बी तुयीच. वाळवाची तं दोन्ही वाळव."

आठ वाजून पाच मिनिटं झाली. आठ वाजून दहा. गोळ्यांचा रंग घामेजल्या तळहाताला लागायला लागला. उकंडराव हलले नाहीत. आतून ते पार घाबरले होते, हे खरं, पण हात तसाच धरून बसले.

"लय हट्टी मानूस हाय तुमी," गीताबाई म्हणाल्या आणि कप उचलला. पहिला घोट घशात अडकला, ठसका लागला. दुसरा गेला. मग त्या थांबल्याच नाहीत. चारही कप रिकामे झाले. उकंडरावांनी घंटीचं बटण दाबून आणखी पाणी मागवलं, त्यात जेवणाच्या ट्रेमधल्या मीठ-साखरेच्या पुड्या सोडल्या, आणि मगच आपल्या गोळ्या घशाखाली ढकलल्या.

पुढचा वेळ कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. नागपूरच्या वॉर्डात ऑपरेशननंतर सगळे एकाच प्रश्नाची वाट बघत असतात, लघवी झाली का. ती झाली की नर्स हसते, नातेवाईक देवाला हात जोडतात. नाही झाली की कोणी कोणाशी बोलत नाही. आता ती वाट उकंडराव या खुर्चीत बसून बघत होते. एक तास गेला. गीताबाईंच्या ओठांना थोडा ओलावा आला, गरगर कमी झाली, पण उठायचं नाव नाही. दीड तास. उकंडरावांच्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. अर्पिता विमानतळावर उभी आहे आणि आपण एकटेच बाहेर पडतोय, इथपर्यंत ते पोचले.

पावणेदोन तासांनी गीताबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. "चला."

मागे रांग होतीच, आठ जणांची. एक माणूस तर भिंतीला टेकून व्यायाम करत होता. ती रांग दिसताच गीताबाई पाठ फिरवून निघाल्या. उकंडरावांनी त्यांचा दंड धरला. जन्मात त्यांनी चारचौघांत बायकोचा हात धरला नव्हता.

पडद्याशी हवाईसुंदरी उभी होती. उकंडराव तिला म्हणाले, आणि विमानाच्या घरघरीवर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, मेरी घरवाली को जाना है। इसको एक ही किडनी है। दुसरी मेरे पास है।"

सगळी रांग वळली. खुर्च्यांतली दोन-चार डोकीही वर झाली. गीताबाईंनी खाली घातलेली मान आणखी खाली गेली. उकंडराव एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले, डोळे बारीक करून, जणू कोणी हसतो का तेच त्यांना पकडायचं होतं. कोणी हसलं नाही. व्यायाम करणारा माणूस बाजूला सरकला, त्याच्या पुढचा सरकला, आणि भिंतीला चिकटून सगळ्यांनी वाट करून दिली.

हवाईसुंदरीनं दार मधून दुमडून दाखवलं, खटका दाखवला. गीताबाई आत गेल्या. आतला लाइट लागला. उकंडराव दाराला पाठ लावून रांगेकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रांगेतल्या माणसांनी नजरा दुसरीकडे वळवल्या. आतून काहीच आवाज येईना. एक मिनिट झालं, दोन झाली. उकंडरावांनी दारावर बोट वाजवलं. "गीता, मी हाय इथंच. हासत नाही कोनी."

आत पाण्याचा तो प्रचंड आवाज झाला. दार दुमडत उघडलं आणि गीताबाई बाहेर आल्या, पदर सावरत.

"झाली?" उकंडरावांनी सगळ्यांसमोर विचारलं.

गीताबाईंनी आधी त्या आठ माणसांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हाव. पिवळी हाय अजून. पन झाली."

उकंडरावांनी डोळे पुसले. तेवढ्यात गीताबाई त्यांना बाजूला सारून पडद्याशी गेल्या, हवाईसुंदरीपुढे हात पसरला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई, पानी द्या मले. मोठा गिलास द्या."